वहिनीने पाहिलेल्या लढाया

तार इंग्रजीत होती, म्हणून ती मलाच वाचावी लागली. वहिनी बाळंतपणासाठी मंठ्याला माहेरी गेली होती. तिला ताप भरल्याचे कळताच दादाही तिकडे गेला. जालन्याच्या घरी मी आणि आई दोघीच होतो. "वहिनी गेली... बाळही," मी म्हणाले. आई एवढेच म्हणाली, "नीट वाच गं."

मी हैदराबादला कॉन्व्हेंटात शिकले. घरात मला बोलायला कधी सुचत नसे. पण सुट्टीत दादा मला इंग्रजी युद्धपट दाखवायला न्यायचा. बायका वर पडद्याआड बसत, पुरुष खाली. परतताना टांग्यात तो विचारायचा, "हं, सांग. काय म्हणाला तो साहेब?" मग स्टेशन रोडपासून घरापर्यंत मी एकटी बोलायची आणि दादा ऐकायचा. माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

लग्नानंतर वहिनीही येऊ लागली. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. माझ्यादेखत दादा तिच्याशी थेट बोलत नसे. पहिल्याच खेळानंतर तो मला म्हणाला, "विचार तुझ्या वहिनीला, तिने काय पाहिलं." त्यानेच विचारायचे, तिनेच सांगायचे, मी नुसती मधे.

"वन्सं, सांगा त्यांना, तो पगडीवाला दोनदा मेला."

"काहीतरीच!" मी म्हणाले.

"बिलकुल! पुलावर गोळी लागून मेला, मंग पुन्हा शेवटी मोटारीखाली मेला. शिनेमावाल्या साहेबाला काय, पगडी तीच, माणूस कोण का असंना!"

दादा इतका हसला की टांगेवाल्याने मागे वळून पाहिले. माझ्या सांगण्यावर तो असा कधीच हसला नव्हता. पुढच्या सिनेमात तिला आपल्याकडचा एक सुभेदार खोटा वाटला. "तोंडाला काळं फासलेला गोराच हाय तो. हात बघा की, पिठाच्या गोळ्यावानी!" मी सुभेदाराचे सगळे संवाद ऐकले होते. हात पाहिले नव्हते.

ती फक्त मागची माणसे का पाहते, हे मला एका दुपारी कळले. गहू निवडता निवडता ती म्हणाली, "माझा भाऊ फौजेत मोटार चालवायला गेल्ता, ब्रह्मदेशात. आला न्हाई. घरात फोटोबी न्हाई त्याचा." मग हळूच विचारले, "वन्सं, तुम्ही तर समदं ऐकून राह्यल्या होत्या. काल तो मोटारवाला मेला... साहेबानं नाव घेतलं का त्याचं?"

"नाही," मी म्हणाले. खरेच घेतले नव्हते. ती पुन्हा गहू निवडू लागली. मला तिचे वाईट वाटायला हवे होते, वाटलेही. पण त्याहून जास्त वाटला तो हेवा. पडद्यावर शोधायला तिच्यापाशी कोणीतरी होते. आणि ते दादाला ठाऊक असणार, म्हणूनच तो तिचे ऐकत होता.

वहिनी गेल्यावर मंठ्याहून परतलेला दादा दीड महिना घराबाहेर पडला नाही. मागच्या रविवारी आईनेच आम्हाला बळेच सिनेमाला पाठवले. परतताना आम्ही चालतच निघालो. वाटेत तो म्हणाला, "सांग ना काहीतरी."

मधे आता कोणी नव्हते. मी साहेबाचे बोलणे आठवू लागले आणि लक्षात आले, अर्धे मी ऐकलेच नव्हते.

"मागे एक माणूस होता," मी म्हणाले. "खेचराला चारा घालत होता. साहेब बोलत होता तेवढा वेळ खेचर त्याचा सदरा ओढत होतं आणि त्याला हसू आवरत नव्हतं."

दादा थांबला. "मग?"

"मग तोफ सुटली. पुन्हा दिसला नाही."

तो माझ्याकडे टक लावून पाहत ऐकत होता. इतके मन लावून त्याने माझे आजवर कधी ऐकले नव्हते... आणि आताही तो माझे ऐकत नव्हता.