साडूंची पिवळी

साडूंच्या यंत्राचा दुखवटा घेऊन मी सांगलीहून माणात गेलो, आणि यंत्र जिवंत होतं.

आमच्या साडूंइतका समुद्रात राहणारा माणूस अख्ख्या माण तालुक्यात सापडायचा नाही. अंघोळीला बादलीभर पाणी मिळायची मारामार, ही गोष्ट वेगळी. जन्म मेंढपाळाच्या घरातला, नोकरी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर खलाशाची. निवृत्त होता होता त्यांनी एक पिवळा ग्लायडर स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडला. आत माणूस नाही, इंजिनाची घरघर नाही. घारीसारखे पंख पसरून तिरकं खोल जायचं, तिरकंच वर यायचं, आणि पाण्याची ऊब नि खारटपणा उपग्रहामार्फत साऱ्या देशांना कळवायचा. साडू त्याला पिवळी म्हणतात. दुपारभर लिंबाखाली बसून मोबाइलच्या नकाशावर तिचा ठिपका बघतात. ती गार पाण्यात गेली की हे भर चैत्रात स्वेटर घालतात. जेवताना डोळे मिटून तिची चाल दाखवायला लागतात, हात हळूहळू तिरका खाली जातो, आमटीत बुडतो, आणि माझी मेहुणी, म्हणजे आक्का, म्हणते, "लागला तळ."

मागच्या महिन्यात पिवळी वर येईनाशी झाली. मी फोन केला, तर साडू म्हणाले, "मेंढरू चुकलं की दुसऱ्याच्या कळपात घुसतंय. त्यो राखतोय, सांगावा धाडतोय. आमच्यात रीतच हाय. समिंद्रातबी तीच हाय." पण आवाज असा खोल गेलेला, की मी काय ते समजलो. दुखवट्याची टॉवेल-टोपी पिशवीत घातली आणि एसटीत बसलो.

अंगणातच साडूंना मिठी मारून म्हणालो, "आलेला जीव कधीतरी जायचाच."

"कुणाचा?" म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा परक्या देशाच्या जहाजावर एक तांबड्या दाढीचा खलाशी शेवाळलेल्या पिवळीला लेकरागत उचलून उभा होता. "राखली गड्यानं," साडू म्हणाले. "ना भाषेचा, ना गावचा. तरी राखली." मी पिशवी हळूच पायानं खाटेखाली सारली.

दुपारी सवयीनं त्यांनी नकाशा उघडला. पिवळी आता पाण्याबाहेर होती. बॅटरी संपलेली, जहाज मिळेपर्यंत तिकडच्याच कोठीत पडून राहणार, आणि परत आली तरी साडूंच्या जुन्या बंदरात, लिंबाखाली नव्हे. पडदाभर नुसतं निळं. साडूंचा हात हवेत तिरका निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

"निजली आसंल," ते म्हणाले. बराच वेळ निळ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

आक्कानं खाटेखालची पिशवी ओढली, टोपी बाहेर काढून पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"ही आता काडायची, पाव्हणं. दुखवटाबी येळंवर देता येईना व्हय तुमास्नी?"