सासऱ्यांचे पाहुणे

मिरचीतलं माझ्याइतकं अख्ख्या नंदुरबारात कुणाला कळत नाही. हे मी फक्त माझ्या रिक्षात बसलेल्या परगावच्या माणसालाच सांगतो. खरं कळतं ते माझ्या सासऱ्यांना, आणि बुरशीचे एवढे लाड करणारा माणूस जगात दुसरा नाही. लोक बुरशी मारायला औषध आणतात, हे पुडीतून बुरशी विकत आणतात. ब्राह्मणपुरीला त्यांचं एक मुरमाड शेत आहे, तिथं गवतसुद्धा विचार करून उगवतं. सासूबाईंनी सांगून टाकलेलं, यंदा मिरची आली नाही तर शेत खोदून मुरूम विकायचा. तेव्हापासून सासरे त्या मायकोरायझा बुरशीच्या मागे लागले. नाव तोंडात बसेना म्हणून तिला ‘पाहुणे’ म्हणायचे. मुळाशी राहतात, रोपाचं गोड खातात, पण बदल्यात लांबून खतपाणी ओढून आणतात, असं सगळ्यांना समजवायचे. ‘पण बदल्यात’ म्हणताना माझ्याकडे बघायचे. कुणी पाय आपटत चाललं की पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून दटावायचे, “हळू चाल, पाहुना झोपेल शेतस.”

घोटाळा असा की आमच्याकडे जावयालाही पाहुणेच म्हणतात. लागणीच्या दिवशी मी सासुरवाडीला पोचलो आणि तेवढ्यात सासऱ्यांचा शेतातून फोन आला, पाहुण्यांचं गूळपाणी ओसरीवर कळशीत आहे, ते ढवळून तयार ठेव. सासूबाईंनी मला दिलं. मातीचा वास आला, पण सासुरवाडीत तोंड वाकडं करायचं नसतं. मी दोन तांबे प्यायलो, वर चांगलं झालंय म्हणालो.

त्या पाण्यात बुरशीची पुडी कालवलेली, रोपांची मुळं त्यात बुडवून लावायची होती. सासरे कळशी न्यायला आले, आत बघितलं, मग माझ्या मिशीला लागलेला गाळ बघितला आणि खालीच बसले. रोपं उपटून ठेवलेली, नवी पुडी आणेपर्यंत सुकली असती. उरलेलं पाणी पुरलं नाही, शेवटच्या दोन सऱ्या तशाच कोरड्या मुळांनी लावल्या. पुढं आठ दिवस त्यांचा रोज फोन. मला वाटलं काळजी आहे. ते विचारायचे, “तहान कमी लागस का?”

मिरची अशी लगडली की मुरमाचा विषय सासूबाईंनी पुन्हा काढला नाही. माझ्या दोन सऱ्या मात्र गुडघ्याखालीच राहिल्या. सासरे रोज संध्याकाळी तिथं तांब्यानं पाणी घालतात, दर रोपापाशी वाकून. परवा मला बघवेना. म्हटलं, मामा, कशाला जीव काढता, उपटून टाकू.

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. “तुम्हले आम्ही ठेवेल शे ना? मंग त्यासलेबी ऱ्हाऊ द्या.”