कोयनावाल्यांची सुपारी

रोडपालीच्या बुधाजी मढवींना एकच काम नीट येतं, असं त्यांची बायको गोदूबाई सांगते, आणि ते म्हणजे दोन घरांच्या मधे बसणं. बंदरात त्यांनी पस्तीस वर्षं क्रेन चालवली, पण ती तिच्या लेखी नोकरी. काम म्हणजे सोयरीक. उरणपासून आपट्यापर्यंत आगरी घरांमध्ये लग्नाची बोलणी अडली की बुधाजींना बोलावणं जातं. ते जातात, चहा घेतात, या घरचं म्हणणं त्या घरी पोचवतात आणि त्यातले काटे वाटेतच काढून टाकतात. मग एके दिवशी दोन्हीकडची चार माणसं समोरासमोर बसतात आणि सुपारी फोडली जाते. सुपारी झाली म्हणजे ठरलं. त्यापुढे कागद नाही, सही नाही. बुधाजींनी जुळवलेली सुपारी आजवर एकही मोडलेली नाही, पण हे ते स्वतः कुणाला सांगत नाहीत. सांगायला गोदूबाई आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हा फिरता माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडकून पडला. आठवडाभर त्यांनी टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडण केलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं लक्ष सुनेकडे गेलं. रंजिता कळंबोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते, स्वभावाने शांत, आवाज कधी चढत नाही. अशी ही पोरगी संध्याकाळी मोबाइल घेऊन बसली की दातओठ खायची.

"काय गो रंजू, कोनाशी भांडतेस?"

"भांडत नाही बाबा, गेम आहे. गडकोट म्हणून."

मग तिने समजावून सांगितलं. प्रत्येक खेळाडूचा एक गड. वीस जणांची मिळून एक पलटण. नकाशावर अशा पंचवीस-तीस पलटणी, आणि दोन महिन्यांच्या हंगामाच्या शेवटी ज्या पलटणीकडे जास्त गड ती जिंकली. रंजिताच्या पलटणीचं नाव 'खाडीवाले', प्रमुख ती स्वतः, आणि तीन हंगाम ओळीने त्यांचं पार पानिपत झालं होतं. उत्तरेकडून कऱ्हाडची 'कोयनावाले' पलटण मारायची, दक्षिणेकडून 'दख्खनी तोफ' मारायची, आणि मधे हे पापड व्हायचे.

बुधाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना जे विचारावंसं वाटलं ते विचारलं. "त्या कऱ्हाडवाल्यांशी कोनी बोललाय का?"

"बोलायचं काय त्यात? लढायचं असतं."

"तीन हंगाम मार खाल्लाव, पन एकदा तोंड उघडून बोललाव नाय? कमाल हाय तुमची!"

रंजिता हसली, पण रात्रभर ते तिच्या डोक्यात राहिलं असणार, कारण सकाळी कामावर जाण्याआधी तिने सासऱ्यांच्या मोबाइलवर गडकोट टाकून दिलं. पलटणीच्या ग्रुपवर लिहिलं, "हे माझे सासरे. आजपासून आपले वकील." पेशव्यांच्या काळात परदरबारी जाऊन बोलणी करायचा तो वकील, कोर्टातला नव्हे, हेही तिला लिहावं लागलं, कारण डोंबिवलीच्या मिथुनने लगेच विचारलं होतं की काकांची फी किती.

खेळाडू म्हणून बुधाजी अगदीच टाकाऊ. तटबंदी वाढवा, धान्य साठवा, सैनिक शिकवा, यातलं त्यांनी काहीही केलं नाही. दिवसभर ते मोबाइल तोंडाशी धरून बोलत आणि मोबाइल ते लिहून काढी. कोयनावाल्यांच्या बाजूने बोलायला विनिता म्हणून एक बाई होत्या, कऱ्हाडला शिवणाचा क्लास चालवणाऱ्या. पहिल्या दिवशी बुधाजींनी खेळाचं नावही काढलं नाही. कऱ्हाडला ऊन कसं आहे, क्लासला किती मुली येतात, एवढंच. दुसऱ्या दिवशी विनितांनीच विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय पाहिजे?" तेव्हा बुधाजी म्हणाले, "आधी तुमचं सांगा. पोरीकडच्यांनी आधी सांगायचा असतो." तिसऱ्या दिवशी त्यांनी अटी ऐकल्या आणि "घरात विचारून सांगतो" म्हणून गप्प बसले. घरात म्हणजे रंजिताला. तिला तर तेव्हाच हो म्हणायचं होतं. बुधाजींनी तिला एक दिवस थांबवलं. लगेच हो म्हटलं की समोरच्याला शंका येते, हे त्यांचं जुनं मत.

अटी साध्या होत्या. हंगाम संपेपर्यंत कोयनावाले आणि खाडीवाले एकमेकांच्या गडाला हात लावणार नाहीत. कोयनावाले आपली सगळी फौज खिंडीतून खाली उतरवणार आणि दख्खनी तोफेवर जाणार, खाडीवाले दुसऱ्या बाजूने त्यांना येऊन मिळणार. फौज बाहेर पडली की कोयनावाल्यांचे गड रिकामे राहणार होते, आणि नेमकं तेच विनितांच्या माणसांना रुचत नव्हतं. या खेळात तहाचं बटणच नाही. तह म्हणजे फक्त बोललेले शब्द, आणि ते मोडले तर खेळ कुणाला काही शिक्षा करत नाही.

"काका, मी माझ्या माणसांना काय सांगू? हमी कुणाची?"

"माझी," बुधाजी म्हणाले. "मी शब्द दिला."

विनितांनी तो शब्द घेतला. रविवारी सकाळी कोयनावाल्यांच्या फौजा खिंडीकडे निघाल्या.

त्याच रविवारी आपट्याला एक लग्न होतं, बुधाजींनीच जुळवलेलं. गुडघा आता चालता झाला होता आणि गोदूबाई जरीची साडी नेसून दारात घाई करत उभी होती. निघता निघता बुधाजींनी पलटणीच्या ग्रुपवर दोन वाक्यं बोलून टाकली, "कोयनावाल्यांची सुपारी झाली. आता कोनी थांबू नका, कामाला लागा." मोबाइल बायकोच्या पर्समध्ये टाकला आणि स्वारी लग्नाला गेली. रंजिताची त्या दिवशी लॅबमध्ये ड्युटी होती, आणि लॅबमध्ये मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

लग्न झकास झालं. बुधाजींना मानाची टोपी मिळाली, दोन्ही व्याह्यांनी हाताला धरून जेवायला बसवलं. संध्याकाळी सहाला परत येताना रिक्षात त्यांनी मोबाइल उघडला तर ग्रुपवर फटाके फुटत होते. मिथुनने लिहिलं होतं, "काका, लेजेंड आहात तुम्ही! काय गेम केलात!" ठाण्याच्या परेशने नकाशाचा फोटो टाकला होता. त्यात कोयनावाल्यांच्या सहा गडांवर खाडीवाल्यांचा निळा झेंडा होता.

बुधाजींना वाटलं, मोबाइल बिघडला. मग त्यांनी विनितांचा निरोप वाचला. एकच ओळ होती. "काका, तुमच्याकडे शब्द असाच देतात का?"

घरी पोचेपर्यंत डोक्यावरची टोपी काढायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. रंजिता नुकतीच घरी येऊन तोच नकाशा बघत उभी होती.

"बाबा, तुम्ही मेसेजमध्ये 'सुपारी झाली' असं लिहिलंत?"

"मग काय लिहू? सोयरीक ठरली, सुपारी झाली. दुसरा काय बोलतात त्याला?"

रंजिताने कपाळाला हात लावला. "बाबा, मिथुन डोंबिवलीचा आहे. त्याने सिनेमातली सुपारी ऐकलीय. एखाद्याची सुपारी घेतली म्हणजे त्याला उडवायचं. आणि वर तुम्ही लिहिलंत, कामाला लागा!"

आता कुठे बुधाजींनी डोक्यावरची टोपी काढली. हा दुसरा अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही, पेपरात रोज छापून येतो. पण घरच्या सुपारीला कुणी तो लावेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मिथुन आणि परेशला मात्र वाटलं होतं, की म्हाताऱ्याने गोड बोलून समोरच्यांचे गड रिकामे करवले आणि आता इशारा दिला. त्यांनी मोठ्या आदराने हल्ला केला होता. आपल्यावर खूश होऊन केलेली ही फसवणूक बुधाजींना सर्वांत जास्त लागली.

गोदूबाईला आधी हसू आलं, ती तोंडाला पदर लावून आत गेली. पण नवऱ्याने चहाला नको म्हटलं तेव्हा तिचं हसू पळालं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी चहाला नको म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

बुधाजींनी विनितांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मग त्यांनी आवाजातच निरोप पाठवला, सुपारीची सगळी गोष्ट सांगितली, एकदा अडखळले, पुन्हा सांगितली. अर्ध्या तासाने उत्तर आलं. "काका, सुपारी फोडणं आमच्याकडेही असतं. माझा तुमच्यावर विश्वास बसतोय. पण माझी माणसं म्हणतात म्हाताऱ्याने उल्लू बनवलं, आणि ज्यांचे गड गेले ते सहाजण खेळात गडाविना नुसत्या तंबूत बसलेत. त्यांना मी काय दाखवू?"

दाखवायला एकच गोष्ट होती. गड परत देणं.

आणि इथे खरी पंचाईत झाली. सहा गड आल्यामुळे खाडीवाले पहिल्या नंबरवर गेले होते. तीन हंगाम मार खाऊन पहिल्यांदाच! ग्रुपवर कुणी ऐकेना. चूक झाली हे मान्य, पण मिळालेलं कशाला सोडायचं? मिथुनने स्पष्टच लिहिलं, "काका, हा गेम आहे. यात दगा चालतो."

बुधाजींनी उत्तर दिलं, "चालतो तर चालू दे. पन मग मना कशाला पुढं केलाव? दगा द्यायला माणूस लागत नाय. माणूस लागतो तो शब्द द्यायला. त्या बाईनं तुमचा नाय, माझा ऐकून गड उघडे टाकले." मग त्यांनी मोबाइल रंजितासमोर ठेवला. "पलटन तुझी. तू सांगशील तसा. गड ठेवलेस तर माझा राग नाय, पन मी उद्यापासून यात नाय."

रंजिताने नकाशावरचे ते सहा निळे झेंडे पुन्हा मोजले. तिला जिंकायचं होतं, फार जिंकायचं होतं, आणि हे ती कुणाशीही, अगदी नवऱ्याशीही बोलली नव्हती. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या नावाच्या बाटल्या हाताळणाऱ्या तिला कुठेतरी एकदा आपलं नाव वर बघायचं होतं. सासऱ्यांचा चेहरा तिने पाहिला. लग्न ठरवायला तिच्या माहेरी, चिरनेरला हाच माणूस आला होता. तिला शिकायचं आहे, नोकरी करायची आहे, या अटीला त्यांनी "हो" म्हटलं होतं आणि लग्नानंतर घरात कुरकुर झाली तेव्हा एकटे तिच्या बाजूने उभे राहिले होते.

तिने ग्रुपवर लिहिलं, "सहाही गड आत्ता सोडायचे. मी प्रमुख म्हणून सांगतेय. ज्याला पटत नाही त्याने पलटण सोडावी, मी अडवणार नाही."

पाचजणांनी गड सोडले. मिथुन तासभर धुसफुसला आणि मग त्यानेही सोडला. खाडीवाले पहिल्या नंबरवरून धाडकन सातव्यावर आले.

पण बुधाजींचं तेवढ्यावर भागेना. सोयरिकीत आपल्या बाजूने चूक झाली की मध्यस्थाने समोरच्या उंबऱ्यावर जाऊन चार शब्द ऐकून घ्यायचे असतात. इथे उंबरा कुठला? त्यांनी आपल्या गडाचे दरवाजे उघडे टाकले, होते नव्हते तेवढे सैनिक घालवून दिले आणि विनितांना कळवलं, "ज्यांचे गड गेले त्यांना सांगा, म्हातारा दारात बसलाय. काय करायचा ते करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशावर कोयनावाल्यांच्या भगव्या फौजा बुधाजींच्या गडाकडे निघाल्या. एक नाही, सहा. वर घड्याळ उलटं चालू झालं, चाळीस मिनिटं. रंजिताला त्या दिवशी सुट्टी होती. तिचा जीव टांगणीला लागला. "बाबा, दरवाजे तरी लावा. सगळं जाळतील."

"जालू दे."

"तुमची इतक्या दिवसांची मेहनत..."

"कसली मेहनत? मी एक भिंत बांधली नाय." म्हणाले खरं, पण त्यांची नजर घड्याळावरून हटत नव्हती. गोदूबाईही येऊन बसली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी नवऱ्याच्या खांद्यावरून ती ते घड्याळ बघत राहिली.

घड्याळ शून्यावर आलं. सहाही फौजा गडात शिरल्या. रंजिताने डोळे मिटून घेतले.

जाळ दिसेना. गडाच्या बुरुजांवर एकेक करून भगवे झेंडे चढले, आणि त्यांच्या शेजारी बुधाजींचा निळा झेंडा तसाच राहिला. खाली अक्षरं आली, 'मित्रफौज पहाऱ्यावर'.

मागोमाग विनितांचा निरोप आला. "काका, ही त्याच सहाजणांची फौज आहे. त्यांचंच म्हणणं पडलं की इतकं उघडं दार ठेवून बसलेल्या माणसाला कुणीतरी राखायला पाहिजे. तह आहे तसाच आहे. उद्या खिंडीत भेटू."

बुधाजींना रडू आलं. साठी उलटलेला माणूस सुनेसमोर आणि बायकोसमोर सरळ रडला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. रंजिताने त्यांच्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतला, कारण त्यावर पाणी पडत होतं.

तेवढ्यात ग्रुपवर मिथुनने लिहिलं, "काका, फौजा आत आल्यात. आता आपण काय करायचं?"

बुधाजींनी नाक पुसलं, मोबाइल परत मागून घेतला आणि बोलले, "काय नाय करायचा. पाव्हनं आलंत, त्यांच्यासाठी धान्य पाठवा. माझ्या कोठारात दाना नाय."