जेबेझची रविवारची भेट

आल्मा हॉर्सफॉलने आईशी बावीस वर्षं खोटं बोलून घर चालवलं. नोकरी इस्पितळाच्या धोबीखान्यात, आणि घरी सांगायची, गिरणीमालकाकडे कपडे धुते. कारण आईसमोर, केझाया म्हातारीसमोर, त्या इस्पितळाचं नाव काढायची सोय नव्हती. पाटी बदलली, भिंतींना पांढरा रंग लागला, डॉक्टर आले, तरी यॉर्कशरच्या त्या गावातल्या जुन्या माणसांच्या लेखी ते कामघरच होतं. उपाशी माणसांना पाव द्यायचा आणि त्या पावाच्या बदल्यात राबवून घ्यायचं, ती जागा. सरकारला वाटतं, रंग दिला की झालं.

शहात्तराव्या वर्षी केझायाच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवलीत तर आठवडाही काढायच्या नाहीत.

"त्या फाटकातून मला नेलंस तर माझं मढंच न्यावं लागेल," म्हातारीने बजावलं.

मग आल्माने नवं खोटं रचलं. गाडी पलीकडच्या रस्त्याने, नव्या दाराशी आणवली. "हे नवीन इस्पितळ आहे, आई." म्हातारीला श्वास पुरत नव्हता, ती वाद काय घालणार? तीन दिवसांत तिला उतार पडला. नर्सला 'चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी' म्हणून झालं, तेव्हा आल्माचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणाची घंटा झाली. कामघराच्या वेळची ती घंटा मात्र कोणी बदलली नव्हती.

आल्मा वॉर्डात आली तेव्हा केझाया खाटेशेजारी अनवाणी उभी होती. दोन्ही हात पुढे, तळवे वर. नखं तपासून घ्यायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी. आल्माला कळलं, आईने जागा ओळखली. आता ही तडक घरी निघणार आणि रस्त्यातच जाणार!

पण म्हातारी निघाली नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तरी ती खाट सोडेना.

"जेबेझला घेतल्याशिवाय मी येणार नाही."

"कोण जेबेझ?"

"माझा भाऊ. पाच वर्षांचा होता, मी नऊची. फाटकातच आम्हाला वेगळं केलं. पोरी इकडे, पोरं भिंतीपलीकडे. भेट फक्त रविवारी, तासभर. मी त्याला म्हटलं होतं, रडू नको, रविवारी येते. आणि शनिवारीच मला एका घरी कामाला धाडलं. पुढे त्याचं काय झालं, कोणी सांगितलं नाही." तिने भिंतीकडे मान केली. "रोज खोकतो गं. ऐकू येत नाही तुला?"

आल्माने कान दिला. काही नव्हतं.

"भिंतीपलीकडे आता काय आहे?" म्हातारीने विचारलं.

आल्माला आणखी एक खोटं सुचत होतं. पण जिभेवर येईना.

"इस्त्रीची खोली. मी तिथेच काम करते, आई. बावीस वर्षं."

केझायाने तिच्याकडे मान वळवली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"इथल्या पगारातलं तू अन्न खाल्लं नसतंस."

"नसतंच खाल्लं, भवाने." म्हातारीने डोळे पुसले. भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "मग तू होतीस की त्याच्यापाशी. रविवारीसुद्धा?"

"कामाची पाळी असली की रविवारीही."

"घरचं कोणीतरी जात होतं म्हणायचं." तिने पाय खाली सोडले. "माझे बूट दे. घरी जाऊ."

आल्माने आईला घरी पोचवलं, चुलीत कोळसे घातले, पाव चरबी लावून खायला दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा आईला खरं सांगून तिला हलकं वाटलं. पण ते रात्रीपुरतंच.

सोमवारी सकाळी इस्त्रीच्या खोलीच्या दाराशी तिचे पाय अडले. या खोलीत ती आजवर एकटीने गाणी म्हणत राबली होती, कधी कसली भीती वाटली नाही. आता आत चादरींची चळत होती, उंच खिडक्या होत्या आणि कोणीतरी श्वास धरून बसल्यासारखी शांतता होती. मागे फिरावं, नोकरी सोडावी, असं तिच्या मनात आलं. पण मग रविवारी त्याच्यापाशी यायचं कोणी?

बावन्न वर्षांच्या आल्माने दार ढकललं आणि ती हळूच म्हणाली, "आले हं, मामा."