पेल्यातली रिंग टेस्ट

अकरावीच्या वर्षात माझं निम्मं लक्ष खिडकीबाहेरच असायचं. बारामतीच्या कॉलेजातली केमिस्ट्रीची लॅब वरच्या मजल्यावर होती. दुपारचं ऊन मोरचुदाच्या द्रावणातून आरपार येऊन टेबलावर निळं सांडायचं. बर्नरची फुरफुर ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे. सर म्हणायचे, "जाग्या झालात की क्षार ओळखा." मला राग यायचा नाही. तिथं मला फार सुखाचं वाटायचं.

माशी शिंकली ती ओढणीपाशी. युनिफॉर्मच्या पांढऱ्या ओढणीवर सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब कधी उडाला, मला कळलंच नाही. आईनं ती धुतली आणि तिथं हरभऱ्याएवढं भोक पडलं. ओढणी न पिळता, तशीच ठिबकत्या कापडानिशी ती माझ्यासमोर उभी राहिली.

"आज कापडावर उडालं. उद्या तोंडावर उडालं म्हंजी? आणखी एक भोक दिसलं तर कॉलेज बंद."

आबा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात पाळीवर जायचे. "अगं, शिकंल की सावकाश," असं काहीतरी ते पुटपुटले, पण आईपुढं त्यांची डाळ शिजत नसे.

तेव्हापासून प्रॅक्टिकलच्या दिवशी घरी आले की आई ओढणी मागायची आणि दारात उजेडाला धरून टोकापासून टोकापर्यंत बघायची. त्या धास्तीनं ॲसिडची बाटली दिसली तरी माझा हात थरथरायला लागला. त्यात नायट्रेट ओळखायची ती रिंग टेस्ट! परीक्षानळीत क्षाराचं द्रावण आणि फेरस सल्फेट घ्यायचं, नळी तिरकी धरायची आणि कडेकडेनं ॲसिड सोडायचं. ॲसिड जड, ते तळाशी जातं आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी कडं उमटतं. हात हलला की सगळं गढूळ. माझं कडं कधी जमलंच नाही. शेजारची मैत्रीण करून द्यायची. पण वार्षिक परीक्षेत ती कुठून येणार होती?

एका रविवारी गुऱ्हाळावरून ताजी काकवी आली. भाकरीवर घेताना तिची संथ धार बघत मी बसून राहिले आणि मनात आलं, हीसुद्धा पाण्यापेक्षा जडच की. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, पेला तिरका केला, कडेनं काकवी सोडली. गढूळ झालं. टाकवेना म्हणून पिऊन टाकलं. मग रोज तेच. गोड पाण्याचा मला वीट आला. "नुसता काकवीचा नास चाललाय," म्हणून आई करवादायची. हळूहळू काकवी पाण्याखाली गुपचूप जाऊन निजायला लागली.

परीक्षेत नेमकं नायट्रेटच आलं. मी ओढणी कमरेला घट्ट खोचली. बाटली उचलली आणि मनानं आमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास येतोय, हातात काकवी आहे, आपल्याला कसलीही घाई नाही. ॲसिड उतरलं. कडं उमटलं. परीक्षकांनी बघितलं, मान हलवली आणि ते पुढं गेले. मला मात्र ते बेसिनमध्ये ओतवेना. हे आईनं बघायला हवं होतं, असं इतकं वाटलं की डोळे भरून आले.

घरी आईनं ओढणी उजेडाला धरली. भोक नव्हतं. मी पेला घेतला आणि तिच्यासमोर काकवी सोडली.

"आमी कॉलेजात हेच करतो. फक्त काकवीच्या जागी ॲसिड."

आई खाली बसली. पाण्याखालच्या त्या तपकिरी थराकडं बराच वेळ बघत राहिली. दोन्ही हातांनी पेला उचलून तिनं फळीवर ठेवला आणि कामाला लागली. माझं तोंडच उतरलं.

सकाळी पाळी संपवून आबा तहानलेले आले आणि त्यांनी फळीवरच्या पेल्याला हात घातला. चुलीपुढं बसलेली आई एकदम ओरडली, "अवो, हालवू नका! तिचा अभ्यास हाय त्यो."