आरेखकाचा जाड टाक

त्या डोंगराळ मुलखाला सगळे सरदारांचे डोंगर म्हणत. सरदारांचे घराणे केव्हाच निर्वंश झाले; नाव मात्र टेकड्यांना चिकटून राहिले, आणि जेथवर ते नाव तेथवर मुलूख राखीव, असा कायदा झाला. नाव कोठे संपते, हे दाखवणारा नकाशा भूमापन कचेरीतल्या आरेखकाने एकोणीस वर्षांपूर्वी काढला. बारीक टाक मोडला होता. नव्याचा अर्ज तीन टेबलांवर धूळ खात होता आणि वरून घाई चालली होती. त्याने जाड टाकाने हद्द ओढली. कागदावर ती जेमतेम एक मिलिमीटर होती, जमिनीवर पन्नास मीटर. त्या पन्नास मीटरांत त्याच्या धाकट्या बहिणीचे घर होते.

यंदा तिच्या छपराचा वासा खचला. राखीव हद्दीत दुरुस्तीला परवानगी नव्हती. आरेखक नव्या साहेबांपुढे उभा राहिला.

"रेघेखाली आलेलं घर आत धरायचं की बाहेर?"

"आत. नियमच आहे."

"रेघ बारीक असती, तर ते बाहेर राहिलं असतं."

"आत्याबाईला मिशा असत्या, तर काका म्हटलं असतं! रेघ काढली कोणी?"

"मी."

"मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू?"

शेजारच्या कारकुनाने खोकल्याआड हसू दडवले. हरकतीची मुदत साठ दिवसांची होती, ती एकोणीस वर्षांपूर्वीच संपली होती. तशी नोटीस कचेरीच्या फलकावर लागली होती. ती आरेखकाच्याच वळणदार अक्षरात होती, आणि तो रोज तिच्याखाली छत्री टांगत असे.

दुरुस्तीला नकार देणारे पत्र बहिणीच्या घरी पोहोचले, त्या दुपारी तो तेथेच होता. सोबत नकाशाची शिक्का मारलेली प्रत होती. बहिणीने ती खिडकीशी नेऊन पाहिली.

"दादा, हे काळं म्हणजे मी का?"

"हो."

"रेघ तूच काढलीस ना? मग खोडून टाक की."

"मूळ प्रतीला आता मलाही हात लावता येत नाही."

"बरं." तिने प्रत पुन्हा उजेडाकडे धरली. "रेघ सुबक आहे हो. लहानपणापासून तुझा हात चांगलाच."

वासा करकरला. दोघांनीही वर पाहिले. मग तिने पलंगाचे एक टोक धरले आणि त्याने दुसरे. आजवर तीनदा सरकवलेला तो पलंग त्यांनी चौथ्यांदा भिंतीकडे सरकवला. त्यापुढे सरकायला जागा उरली नव्हती.