डोळे उघडल्यावर

आमच्या खंड्या कुत्र्याला फेफरं यायचं आणि दर वेळी मी त्याच्या नाकाशी वहाण दाबून धरायचो, हे आज कबूल करतो. माणसाला चामडं हुंगवतात, म्हणून त्यालाही. एकदा त्या झटक्यात त्याचे दात माझ्या बोटात रुतले. पिसाळला समजून मी त्याला खांबाशी जखडलं आणि विष घालायचं ठरवलं.

दर बाजारी लोणी घेऊन वेल्ह्याला जाणारी एक धनगरीण दारात थांबली. खंड्या साखळीतच तडफडत होता. पाटी उतरवून तिनं साखळी सोडली, डोक्यावरची चुंबळ त्याच्या मानेखाली सारली आणि हात न लावता शेजारी बसली.

"अगं, चावेल! पिसाळलाय तो."

"दोन वरसं बगते, पडतंय नि उटतंय. पिसाळल्यालं इतकं जगतं व्हय, मास्तर? माज्या भावाला बी असंच व्हायचं. डोळं उगडल्यावर आपलं माणूस दिसाया पायजे, वहाण न्हाई."

खंड्यानं डोळे उघडले. तिला पाहून शेपटी हलवली. मला पाहून अंग चोरलं.

पुढच्या खेपेला मी वहाण अंगणात काढून त्याच्याजवळ बसून राहिलो. त्यानं डोळे उघडताच म्हणालो, "चुकलो रे, खंड्या."